थोडं डावीकडे, फ्लोरिस

ही घटना खरी आहे. कुणाला पटो न पटो. हेस्टर मावशी, माझ्या आईची सख्खी बहीण, पोटात काही ठेवत नाही आणि तिखटमीठ लावून सांगायचा तिला कंटाळा आहे. 'म्हातारीला भास होतात' म्हणणाऱ्यांनी पुढे वाचूच नये.

गेल्या वर्षीचा मे महिना. शनिवार. दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळरानातलं धरण, आणि त्याच्या काठावरचा कॅरव्हॅन लावायचा तळ. दिवस कलायला आला होता.

मावशी एकटीच गेली होती. मुद्दाम.

कारण तिचा मुलगा, देवाल्ट. त्याने कॅरव्हॅन विकायला काढली होती आणि आईसाठी शहरात वृद्धाश्रम बघून ठेवला होता. अगदी परस्पर!

"मला एकटीला सगळं जमतं," मावशी म्हणाली.

"टीव्हीची डिश लावायला जमेल? शनिवारी रग्बीची फायनल आहे. मी हाफटाइमला फोन करतो. स्कोअर सांगितलास तर कॅरव्हॅन तुझी. नाहीतर सोमवारी गिऱ्हाईक येतंय."

"तू फोन तर कर!"

आता डिश लावणं हे दोघांचं काम. एकाने बाहेर तिपाईवरची डिश तसूतसूने फिरवायची, दुसऱ्याने आत टीव्हीवरची सिग्नलची पट्टी बघत ओरडायचं. आमच्याकडच्या नवरा-बायकांची निम्मी भांडणं यावरूनच होतात. बाहेर फ्लोरिसकाका, आत मावशी, अशी वर्षानुवर्षांची वाटणी. काकांचा घसा बसका, ओरडणं जमायचं नाही. म्हणून ते तिपाईवर पाना वाजवायचे. टक... म्हणजे ऐकलं.

त्याच्या आदल्या वर्षी, त्याच जागेवर, डिश लावता लावता काका गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. जाऊन बराच वेळ झालाय, अंग गार पडलंय.

मावशी म्हणाली, "असं कसं? मी आतून सांगत होते आणि तो पाना वाजवत होता. अगदी शेवटपर्यंत!"

कुणीही विश्वास ठेवला नाही. देवाल्टने आईला वेड्यात काढलं ते तेव्हापासून.

आणि तरी मावशीने कॅरव्हॅन त्याच जागेवर नेऊन लावली. "घाबरून दुसरीकडे जाऊ? जागा माझी आहे!"

तिने कोळसे पेटवले. सॉसेज काढून ठेवलं. तिपाई उभी केली, होकायंत्रावर ईशान्य बघून डिश तिकडे वळवली.

तेवढ्यात वारा पडला...

पलीकडच्या तंबूतली पोरं मघापासून कालवा करत होती. ती गप्प झाली. धरणावरची बदकंही गप्प.

केबलचं वेटोळं अजून तिच्या खांद्यावरच होतं. जोडलेलं नव्हतं.

आणि आतून आवाज आला...

"थोडं डावीकडे, फ्लोरिस."

बाईचा आवाज.

"कोण गं तू? हो बाहेर आधी!" मावशीने जाऊन धाडकन दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. टीव्ही बंद. पलंगावरची चादर जशीच्या तशी.

"माझी मॅच आहे आज," रिकाम्या कॅरव्हॅनला तिने ठणकावलं. "चाळे नकोत." बाहेर येऊन तिने पुन्हा डिशला हात लावला...

"अजून डावीकडे. अरे, जास्त गेलं! उलटं, उलटं!"

या वेळी मावशीने आवाज ओळखला.

तो तिचाच होता.

शब्दही तिचेच. आदल्या वर्षीचे, त्याच क्रमाने.

तिने पायाशी बघितलं. तिपाईजवळचं गवत दबलं होतं. माणूस आडवा पडावा, एवढं.

ती गर्रकन दाराकडे वळली. भीतीने नाही, घाईने. आतल्या त्या बाईला अजून काहीच माहीत नव्हतं! नवरा बाहेर कोसळलाय आणि ही बया सिग्नल बघत बसलीय!

"अगं, बाहेर ये! मरू दे तो टीव्ही! तो पडलाय!"

"फ्लोरिस? ऐकतोयस ना?"

"मूर्ख बाई, बाहेर ये!" मावशी घसा फुटेस्तोवर ओरडली. आत काही पोचतच नव्हतं.

हाताशी पाना होता. तिने तो उचलला आणि तिपाईवर हाणला.

टक! टक! टक! टक!

शांतता...

मग आतून हसणं आलं. "कळलं रे बाबा, एवढं काय बडवतोस! आलं चित्र. ये आता, कॉफी गार होतेय."

पाना तिच्या हातातून गळून पडला.

आदल्या वर्षी ती हेच बोलली होती. अशीच हसून. कारण शेवटी पाना असाच, वेड्यासारखा वाजला होता.

त्यानंतर आतून आवाज आला नाही. मावशी तिथेच गवतावर बसून मोठमोठ्याने रडली. मग डोळे पुसून, शिव्या देत उठली आणि केबल जोडली. डिशला बोटही लावावं लागलं नाही. चित्र स्वच्छ आलं.

हाफटाइमला फोन वाजला.

"स्कोअर?"

"बारा-नऊ. आपण पुढे."

देवाल्टने विचारलं, "आत सिग्नल कुणी बघितला?"

"मी."

"मग बाहेर डिश कुणी फिरवली?"

"बाहेरही मीच होते. आणि ऐक, तुझा डॉक्टर खरं बोलत होता. मीही खरंच बोलत होते."

कॅरव्हॅन विकली गेली नाही.

आता पुन्हा मे आलाय. मी म्हटलं, मावशी, यंदा मी येते, आत बसून ओरडते.

"आत जागा नाही गं," ती म्हणाली. "यंदा लवकर पोचणार. आणि पाना नेतच नाही. सरळ दगड घालून खिडकी फोडते. बघू, कशी बाहेर येत नाही ती!"

काल ती निघालीसुद्धा.

मी तिला एक गोष्ट सांगितली नाही. काका गेले तेव्हा त्यांना आणायला मीच गेले होते. कॅरव्हॅनच्या सगळ्या काचा धड होत्या.