बोर्डिंगची टोपली

दारात भाकर मागायला आलेल्या माणसानं भाकर परत करावी, असं आमच्या घरी कधी घडलं नव्हतं. त्या सकाळी घडलं, आणि नेमकी मीच दारात होते.

"ही नको," तो म्हणाला. "याच्यानंतरची द्या."

अंगात कोट आणि डोक्यावर टोपली! शेतकऱ्यांच्या मुलांसाठी बुलढाण्यात बोर्डिंग निघालं होतं, हे मला ठाऊक होतं. मदतीचा अर्ज नागपूरच्या सरकारकडे गेला होता आणि उत्तर येईपर्यंत मुलं घरोघरच्या भाकरींवर दिवस काढत होती. पण भाकरी गोळा करायला बोर्डिंग चालवणारे खुद्द इंद्रभान मास्तर फिरतात, हे नवीन होतं.

"काऊन? काय वाईट हाय हिच्यात?"

"मधात कच्ची हाय. तुमचीच नाई, साऱ्या गावाची. जो तो पयली भाकर धर्माची म्हणून काढून ठेवते, अन् पयल्या भाकरीले तवा तापलेला नसते. गावाच्या पुण्यानं पोट्ट्यांची पोटं दुखून राह्यली."

मला हसू फुटलं. चुलीपाशी बसलेल्या झुंबरआत्याला मात्र नाही. आई गेल्यापासून घर तिच्या हाती होतं आणि तिच्या चुलीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"पयली भाकर देवाची असते!" ती आतूनच कडाडली.

"देवाले चालन, आत्याबाई," मास्तर शांतपणे म्हणाले. "त्याले सातवीची परीक्षा नाई द्या लागत."

दुसऱ्या दिवसापासून भाकरी मी थापू लागले. चांगल्या टम्म फुगलेल्या तेवढ्या फडक्यात बांधायच्या आणि पहिली गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायची. आत्याला वाटलं, एकोणिसाव्या वर्षी का होईना, पोरीला घरकामाची गोडी लागली. गोडी लागली होती, पण घरकामाची नव्हे...

थंडीचे दिवस. घाटाकडून धुकं यायचं, समोरचं घरसुद्धा दिसायचं नाही. आधी मास्तरांचा खोकला ऐकू यायचा, मग टोपली दिसायची, मग माणूस. मी दारात उशीर केला तर ते खोकला वाढवायचे.

"तुमची भाकर कोणती ते मले टोपलीत हात घातला का समजते, शालूबाई."

"कशी?"

"गरम राह्यते."

"त्यात काय! आमचं घर शेवटचं हाय तुमच्या रस्त्यावर."

"पयले नव्हतं," टोपलीवरचं फडकं नीट करत ते म्हणाले. "मी रस्ता बदलला."

"भाकर गरम मिळावी म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं... "नाई," म्हणाले आणि टोपली उचलून चालू लागले. त्या एका 'नाई'वर मी कितीतरी दिवस काढले.

आणि मग साखरखेर्ड्याचं स्थळ आलं. भरपूर जमीन, एकुलता मुलगा. आत्याचे पाय जमिनीवर नव्हते. सोमवारी पाहुणे येणार होते. मी ते मास्तरांना दारातच सांगितलं, आणि मास्तर म्हणाले, "चांगलं घर हाय."

मी दार धाडकन लावून घेतलं. इतका राग आला होता! मला हा माणूस हवा होता, दुसरा कुणी नको होता, आणि हा मला घराची तारीफ ऐकवतो?

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपली आमच्या ओसरीवर उतरवली आणि थेट माझ्या बाबांपुढे, उकंडरावांपुढे, उभे राहिले. मी दाराआड कान देऊन होते. त्यांनी सरळ मागणी घातली.

"माणूस तुमी चांगले हा, मास्तर," बाबा म्हणाले. "पण दारोदार मागनाऱ्याले पोरगी देऊ काय मी?"

"आजवर मागतलं ते पोट्ट्यांसाठी. माह्यासाठी आज पयल्यांदाच मागून राह्यलो."

बाबांचा ताठा जागा झाला. "बरं. हे टोपलं डोक्यावर घेऊन माही पोरगी उद्या गावातून फिरन काय? फिरली, त देतो."

मी फिरणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

"नको," मास्तर घाईनं म्हणाले. "गाव तिले नाव ठेवन."

ते खरंच होतं. लग्नाची पोर टोपली घेऊन दारोदार फिरली, तर साखरखेर्ड्याचं स्थळ मोडणारच होतं. आणि बाबांनी शब्द फिरवला तर दुसरंही येणार नव्हतं.

"टोपलं राहू द्या इथंच," मी आतून म्हणाले.

सकाळी पदर खोचून निघाले. पहिल्याच दारात वच्छलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "शाले, तुह्या घरची जवारी सरली काय वं?"

"नाई काकू, बोर्डिंगची टोपली हाय. भाकर आणा."

बाया खिडक्यांतून पाहत होत्या. कान तापले, ओझ्यानं मान भरून आली. मास्तर मागून येत होते, थोडं अंतर ठेवून. आमच्या गल्लीच्या वळणावर कुणी नव्हतं, तिथे ते जवळ आले.

"कायले केलं हे?" त्यांनी विचारलं.

"मले तुमच्यासंगच राह्याचं हाय... म्हणून केलं."

त्यांनी नुसता हात वर करून टोपलीची कड धरली. तिथे माझी बोटं होती. मीही ती काढून घेतली नाहीत.

बाबा दारातच उभे होते. शेजारची दारं उघडी होती, सगळी आळी पाहत होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि मागे वळून हाक मारली.

"झुंबरे, साखरखेर्ड्याले सांगून पाठव. पोरगी दिली म्हणा."

"कोणाले?" माहीत असूनही आत्यानं विचारलं.

"हे काय, मास्तर उभे हायेत न. त्यांले."

मी रडले. सगळ्या आळीसमोर, टोपली तशीच डोक्यावर धरून, मोठ्यानं रडले.