विकलेला नातू

सन १९८३. गणपती गावाला गेले होते आणि पितृपक्ष लागला होता. ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. त्या दिवशी सीताराम परब घाटकोपरच्या भटवाडीतून पेजेचा डबा घेऊन मुलुंडच्या इस्पितळात निघाला. सून मालन बाळंत झाली होती. तिला पेज पोचवायची, नातवाचं तोंड बघायचं आणि परत यायचं, एवढंच काम.

सीताराम हा गिरणीतला जुना माणूस. उभा जन्म कापडाच्या साच्यांवर गेला. कुणाचं पान फुकट खाल्लं नाही, कुणाला फुकट खाऊ घातलं नाही. चाळीतली पोरं त्याला बघितलं की गोट्या गोळा करून पळत. नमस्कार करणाऱ्याकडेही तो आधी संशयानं बघायचा, याला काय हवंय म्हणून.

इस्पितळाच्या पायरीवर त्याचा मुलगा जयवंत डोकं धरून बसला होता.

"काय झालं रे?"

"नाना, पोराला शीची जागाच नाही. नुसती कातडी आहे. पोट बघा कसं फुगलंय."

सीतारामनं डबा खाली ठेवला. मालनची आधीची दोन्ही मुलं अंगावर पीत असतानाच गेली होती. हे तिसरं.

मुलांची ऑपरेशनं करणारे डॉक्टर शहरातून यायचे. त्यांनी सीतारामला बाजूला घेतलं.

"आजोबा, आतडं खालपर्यंत पोचलेलंच नाही. आज पोटावर तोंड काढतो, तिथून शी होईल. वर्षभरानं मूळ जागी वाट करू. ती चालायला लागली की पोटावरचं तोंड बंद. तीन वेळा यावं लागेल."

"आणि तोवर?"

"तोवर पोटावर फडकं बांधायचं. पुष्कळ मुलं अशी वाढतात."

"वाढतात की मरतात?"

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले. "नाही केलं तर मात्र एकच."

सीतारामला हा माणूस बरा वाटला. त्यानं मान हलवली.

वरच्या वऱ्हांड्यात त्याची बायको द्रौपदी उभी होती. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कोपऱ्यावरून सूप दिसत होतं. ते बघूनच सीताराम समजला. ज्या घरात पोर टिकत नाही, तिथं पोर सुपात घालून दुसऱ्या बाईला विकायचं. ती लेकुरवाळी हवी. तिनं मूठभर कोंडा द्यायचा, पोर तिचं व्हायचं. मग न्यायला येणारा आला, तरी या घरचं पोर त्याला सापडत नाही. संकट टळलं की कोंडा परत करून, बाईला लुगडं-नारळ देऊन पोर सोडवून घ्यायचं.

"शेजारच्या शकूक बोलवा," द्रौपदी म्हणाली. "चार पोरां जगवल्यान तिना."

"शकूचा नाव काढू नको. तिच्या घोवाक मी नळावर काय बोललंय तां सगळ्या चाळीन ऐकलां. उद्या ती नळावर उभी रवान सांगतली, परबांचो नातू माझो."

"पोर गेलां तर तुमचो मान काय लोणच्याक घालूचो?"

"अनोळखी बाई बघ. तिचे उपकार रवत नाय."

वऱ्हांड्याच्या टोकाला खांबाशी एक बाई बसली होती. विटकं हिरवं लुगडं, ओटी फुगलेली. वय धड तरुण नाही, धड म्हातारं नाही. सीताराम सकाळपासून काही इथं नव्हता, पण ती बसली होती अशी की खूप वेळची असावी. तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"काय गं, कोण आहे तुझं इथं?"

"आहेत."

"पोरं जगलीत का तुझी?"

"पुष्कळ पोरं आहेत मला."

"कुठं असतात?"

"इथंच."

मागच्या झोपडपट्टीतली असेल, असं सीतारामनं धरलं. "आमचं एक पोर विकत घेशील का? नावापुरतं..."

त्याचं बोलणं संपायच्या आत ती उठली. "दाखवा."

बाळाला आत न्यायची वेळ होत आली होती. द्रौपदीनं घाईघाईनं त्याला सुपात ठेवलं आणि सूप बाईच्या हातात दिलं. सकाळपासून किंचाळणारं पोर. बाईनं त्याच्या टचटचीत पोटावर हात ठेवला, आणि ते गप्प झालं. झोपलं नाही. डोळे उघडे ठेवून गप्प झालं.

"काय देऊ?" बाईनं विचारलं.

"मूठभर कोंडा मिळाला कुठं तर..." सीताराम म्हणाला.

तिनं ओटी सोडली. ओटीत कोंडाच होता. काळपट, दमट. जणू त्यासाठीच बांधून बसली होती. सीतारामच्या ओंजळीत तिनं मूठ रिकामी केली तेव्हा नासलेल्या दुधाचा वास आला.

"माझा झाला," ती म्हणाली.

"तुझा झाला. आम्ही नुसते सांभाळणारे," द्रौपदीनं म्हणायचं ते म्हटलं.

"परत मागाल तेव्हा माझाच कोंडा द्यायचा. दुसरा चालत नाही."

"तुझोच देतलंव गे बाई," म्हणत द्रौपदी पोराला घेऊन आत पळाली. जाताना नवऱ्याला बजावून गेली, "तो कोंडो नीट बांधून ठेवा."

सीतारामनं ओंजळीत बघितलं. भिकारणीच्या ओटीतली घाण, आणि ती परबांनी घरात जपून ठेवायची? त्यानं कठड्यावरून ओंजळ खाली झटकली आणि हात धोतराला पुसले. खाली दोन कावळे उतरले. पितृपक्षातले कावळे, कशालाही चोच लावणारे. ते त्या कोंड्याच्या भोवती फिरले, मान वाकडी करून बघितलं, आणि उडून गेले.

सीताराम वळला तर खांबाशी कुणी नव्हतं.

ऑपरेशन झालं. पोर वाचलं. कोंड्यावर घेतलेलं म्हणून नाव कोंडू. डाव्या बाजूला पोटावर आतड्याचं लाल, ओलं तोंड. त्यावर फडकं, फडक्याला नाडी. मालन दिवसातून कितीदा ते धुवायची, वाळवायची, बांधायची. पोर अंग धरू लागलं. रांगू लागलं. सीताराम त्याला मांडीवर घेऊन बाहेर बसायचा. चाळीतल्या पोरांना नवल वाटायचं, हा म्हातारा हसतो म्हणून.

मग एकदा द्रौपदी सुनेला म्हणाली, "दुपारचा फडक्या तू बदलतस मां? मी निजलेलं असतंय."

"मी नाही बदलत आई. मला वाटलं, तुम्ही बदलता."

द्रौपदीनं फडक्याची नाडी उचलून बघितली.

त्यानंतर दोघींनी लक्ष ठेवलं. रोज नाही, पण अधूनमधून व्हायचंच. मालन जेवून पोराजवळ आडवी व्हायची. डोळा उघडायचा तेव्हा फडकं स्वच्छ, ओलसर, आणि नाडीची गाठ वेगळी. सीतारामनं ती गाठ बघितली. जन्मभर सुताच्या गाठी मारलेला माणूस. अशी गाठ त्यानं कुठं बघितली नव्हती. ती सुटायची नाही, कापावी लागायची.

त्याचा संशय शकूवर. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तो उंबऱ्यावर बसायला लागला.

"काय ओ परब," शकू घागर घेऊन जाताना म्हणाली, "दाराला कुलूप मिळालं नाही वाटतं?"

"कोण आत जातं ते बघतोय."

"तुमच्या घरात जायला वेड लागलंय कुणाला!"

एक खोली, एकच दार, मागच्या खिडकीला गज. द्रौपदी निजलेली, मालन घोरत होती. भर दुपार, चाळ निपचित. सीतारामची पाठ खोलीकडे. आणि पाठीमागं पाण्याचा आवाज आला. बादलीत काहीतरी बुडवलं... वर काढलं... पिळलं... थेंब थेंब गळलं. इतका घरगुती आवाज की आधी तो घाबरलाच नाही. मग त्याच्या ध्यानात आलं, मालनचं घोरणं चालूच आहे.

तो वळला. कोंडू जागा होता. मोकळ्या भिंतीकडे बघून हात नाचवत होता. पोटावर ओलं, स्वच्छ फडकं. खोलीत नासलेल्या दुधाचा वास.

सीताराम त्या दिवसापासून उंबऱ्यावर बसला नाही. कुणाला काही सांगितलंही नाही. काय सांगणार? कोंडा कुठाय, हे आधी विचारलं असतं.

दुसरं ऑपरेशन निभावलं. खालची वाट चालू लागली. पंच्याऐंशीच्या माघात डॉक्टरांनी शेवटच्यासाठी बोलावलं. पोटावरचं तोंड बंद करायचं. कोंडू आता चालत होता. आजोबाला "नाना" म्हणायचा.

निघताना द्रौपदीनं सुपात लुगडं आणि नारळ ठेवला. "आज तिका गाठूक व्हयी. पोर सोडवन घेवया. कोंडो काढा."

"आसा माझ्याकडे," सीताराम म्हणाला. आदल्या दिवशी तो भाताच्या गिरणीतून मूठभर कोंडा बांधून घेऊन आला होता. कोंड्यासारखा कोंडा. कोण ओळखणार?

ऑपरेशन सकाळी झालं. वॉर्डबॉय भीमराज ट्रे घेऊन बाहेर आला.

"परब कोण? डॉक्टरांनी दाखवायला सांगितलंय. पोटावरचं तोंड होतं ना, त्याची ही कडा. कापून आतडं आत शिवलं. झकास झालंय काम."

ट्रेमध्ये सुपारीएवढा मांसाचा तुकडा होता. सीतारामनं बघितला, मान हलवली. भीमराज निघून गेला.

पोर तासाभरात जागं होणार होतं. झालं नाही. जेवणवेळ टळली. डॉक्टर येऊन डोळ्यांत बॅटरी मारून गेले, गालावर चापट्या मारून गेले. "भूल उतरायला हवी होती," एवढंच म्हणाले, पण पुन्हा लगेच आले. मालन कॉटचा गज धरून उभी. जयवंत भिंतीकडे तोंड करून. श्वास चालू होता, पण हळू... मध्येच थांबायचा, आणि सगळे त्याची वाट बघायचे.

आणि सीतारामला फिनेलच्या वासातून तो दुसरा वास आला.

त्यानं सूप उचललं आणि एकटाच वऱ्हांड्यात गेला. ती खांबाशी बसली होती. तेच लुगडं.

"बरा झाला ना आता?" ती म्हणाली. "न्यायला आले."

"आम्ही सोडवून घेतोय त्याला. हे लुगडं, हा नारळ. हा तुझा कोंडा."

तिनं पुरचुंडीला हातही लावला नाही. नुसतं नाक जवळ नेलं. "हा माझा नाही."

सीतारामनं पुरचुंडी मागं घेतली.

"माझा कुठाय?"

एकदा खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जमलं नाही. "टाकला," तो म्हणाला.

"मग पोर माझं."

ती उठून वॉर्डकडे चालू लागली. सीताराम दारात आडवा झाला.

"लुगडी दोन घे. चार घे."

"मला काय सणाला नेसायचंय?"

"बायकोच्या अंगावरचं सोनं देतो."

"आजोबा," ती अगदी हळू म्हणाली, "तुमची सून झोपायची. मी धुवायची... मी पुसायची... मी बांधायची. त्यानं मला कधी लाथ मारली नाही. आणि मी रिकाम्या हातानं जाऊ?"

वॉर्डात मालननं "आई!" म्हणून हाक मारली. ती हाक सीतारामनं आधी दोनदा ऐकली होती, दोन पोरांच्या वेळी. त्यानं हात जोडले. गिरणीच्या मालकापुढं जोडले नव्हते ते हात.

"पोर सोडून काहीही माग. मी देतो."

तिनं त्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. "मी जे धुतलं-पुसलं, ते द्या. तेवढं माझंच होतं."

आधी त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि तो मागच्या बाजूला धावला.

भीमराज मागच्या मोरीत बादल्या विसळत होता.

"सकाळचा तो तुकडा कुठाय?"

"आहे इथं. जाळायला जाणार आता. का ओ?"

"मला दे."

"काय करणार त्याचं?"

"आमच्यात पुरतात."

भीमराजनं हात पुसले आणि ट्रे ओढला. गॉजमध्ये गुंडाळून दिलं. "घ्या. सिस्टरला बोलू नका, माझी वाट लागेल."

सीतारामनं सूप रिकामं केलं, त्यात ती गॉजची गुंडाळी ठेवली आणि वऱ्हांड्यातून निघाला. एका हातात सूप, हलकं पिसासारखं. अर्ध्यावर आला तेव्हा दुसरा हात लावावा लागला. वाटलं, वयानं दमलो. आणखी चार पावलं, आणि सुपाच्या कामट्या करकरल्या. सूप वाकलं. दिवस भरून झालेलं पोर असतं तेवढं ओझं त्याच्या दोन्ही हातांवर आलं. कामट्यांतून मनगटाला ऊब लागली. ती ऊब या मनगटावरून त्या मनगटावर सरकली.

सीतारामनं खाली बघितलं नाही. समोर खांबाकडे बघत चालत राहिला.

तिनं सूप घेतलं. खाली बसली, मांडीवर ठेवलं, पदर ओढून झाकलं आणि पदराआड चोळीची गाठ सोडली.

त्याच वेळी आत कोंडू रडला. खच्चून रडला. द्रौपदी ओरडली, "उठलो गे! माझो बाबू उठलो!" बायका-पुरुष धावले, कॉट खडखडली.

वऱ्हांड्यात मात्र शांत होतं. पदराखाली कुणीतरी घुटके घेत दूध पीत होतं.

"फिटलं," ती म्हणाली.