कल्हातची गाठ

कालिकतहून अरबी किनाऱ्यावरच्या आमच्या कल्हातला परतायची वाट अवघड नाही. उत्तरेकडे चढत जायचं. रोज तिन्हीसांजेला मुअल्लिम, म्हणजे वाट काढणारा, दोरीची एक गाठ दातांत धरतो आणि दोरीला बांधलेली लाकडी पाटी समोर ताणून धरतो. प्रत्येक गाठ एकेका बंदराची. खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला टेकली, की त्या बंदराच्या रेषेवर आलो. कल्हातची गाठ जुळली, की पश्चिमेला वळायचं. पुढे घरच.

मी त्या जहाजावर शिडं शिवत असे. जातानाच भर समुद्रात आमचा मुअल्लिम सुवैद तापाने गेला. मुअल्लिमची पाटी त्याच्यासोबत पाण्यात सोडायची, ही आमची रीत. त्या दोरीला एकाच माणसाचे दात ठाऊक असतात. पण त्याचा जावई मतर याने ती स्वतःच्या गळ्यात घातली.

परतताना कल्हातची गाठ फार लवकर जुळली. आम्ही वळलो. किनारा आला नाही.

नाखवा हिलालने हात लांबवून बोटांनी ध्रुव मोजला. "अरे, आपण अजून खूप दक्षिणेला आहोत."

"पाटी खोटं बोलत नाही, नाखवा," मतर म्हणाला.

"सासऱ्याची पाटी घेतलीस, थोडी अक्कलही मागून घ्यायचीस."

पुन्हा उत्तरेला वळलो. रोज संध्याकाळी तीच गाठ जुळे. टाकीतलं पाणी तळाला गेलं. खजूर टाळूला चिकटत, गिळवत नसत.

"फेक ती पाटी," मी म्हणालो.

"तू आपली सुई सांभाळ."

मग वारा पडला. हिलालने मतरला खोली मोजायचं शिसं दोराने पाण्यात सोडायला लावलं. शिशाच्या बुडाला चरबी लावलेली असते. तळाची वाळू चिकटून आली, तर किनारा जवळ. तिथे पाणी काळंनिळं होतं, तळ लागणं शक्यच नव्हतं.

दोर लगेच सैल पडला.

"लागला तळ," मतर हसला. त्याचे ओठ फाटून रक्त आलं. "घर आलं, नाखवा. आता बोला."



शिसं वर आलं. चरबीला वाळू नव्हती. पांढऱ्या कापडाची पट्टी होती, तिच्यावर शिडाच्या जाड दोऱ्याचे तिरके टाके. सुवैदचं कफन मीच शिवलं होतं.

मी पट्टी सोडवून हातात घेतली. ती कोरडी होती.