वाटीवरचा हात

तानाबाईंच्या खानावळीत एकच खुर्ची रिकामी होती, तीही वाढणाऱ्या मुलीच्या वाटेत. अर्णव बसला मात्र, तिच्या कोपराच्या धक्क्याने त्याचा चष्मा खाली पडला.

"सरकून बसा की, पावणं." तिने चष्मा उचलला, ओढणीने पुसून दिला. "कुठलं तुम्ही?"

"इंदूरचा. निवांत फिरायला आलोय... चार दिवस."

"एकटंच?" ती हसली. "मावशी, लांबचं पावणं हाय. तांबडा आण."

अर्णवच्या घरी आमटीतसुद्धा गूळ असे. तांबड्या रश्श्याच्या पहिल्या घोटाला कान तापले, दुसऱ्याला डोळे भरले. तरी पानात टाकायचं नाही म्हणून त्याने वाटी संपवली. ती लगेच भरली गेली. शेजारचे काका वाटीवर हात आडवा धरून 'बास' म्हणत होते. अर्णवनेही हात उचलला, एवढ्यात ती म्हणाली, "असा खाणारा पावणा बघितला न्हाय मी." तिचा चेहरा इतका फुलला होता, की उचललेला हात खाली आला.

भैरवी तानाबाईंची भाची. शाळेत चित्रकला शिकवायची, नाताळच्या सुट्टीत मावशीला मदत करायची. दुसऱ्या दिवशी मावशीनेच तिला पिटाळलं, "पावण्याला पन्हाळा दाखवून आण जा."

गडावर धुकं होतं. तिच्या ओल्या बटा गालाला चिकटल्या होत्या. भाकरीवर ठेचा ठेवून तिने ती त्याच्यापुढे धरली.

"रडताय व्हय?"

"छे... धुकं गेलं डोळ्यात."

संध्याकाळी रंकाळ्यावरून ती त्याला दूधकट्ट्यावर घेऊन गेली. समोर म्हशीची धार काढून फेसाळ पेला हातात देतात तिथे. अर्णवने तो एका दमात रिकामा केला आणि दुसरा मागितला.

"पोटात आग लागल्यागत पिताय." मग त्याच्या ओठावरच्या फेसाकडे बघत ती हळूच म्हणाली, "मिशी शोभती तुम्हाला."

त्याने फेस पुसलाच नाही.

पण परतताना ती सहज बोलून गेली, "मला बघायला एक स्थळ आलतं. पहिल्याच घासाला पाणी मागितलं त्यानं. म्हटलं, ह्याचं-माझं काय जमायचं न्हाय."

त्या रात्री अर्णवला झोप लागली नाही. आता खरं कसं सांगायचं? आणि न सांगता जायचं, तर पुन्हा यायचं कोणत्या तोंडाने?

शेवटच्या दुपारी ती रश्श्याची पळी घेऊन आली. संध्याकाळी त्याची गाडी होती. अर्णवने वाटीवर हात ठेवला.

"पोट बिघडलं?"

"नाही. मला तिखट सोसतच नाही. पहिल्या दिवसापासून."

पळीतून एक थेंब टेबलावर पडला. "मग खाल्लं कशाला?"

"तुम्ही वाढत होता..."

"आणि गडावरचं धुकं?"

"ठेचा होता तो."

"खोटारडं हायसा की."

"हो. पण तेवढ्यापुरताच. मला पुन्हा यायचंय, भैरवी... जेवायला नाही. तुम्हाला भेटायला."

ती पळी घेऊन आत निघून गेली. शेजारच्या काकांनीही भाकरी मोडायची थांबवली होती. अर्णव पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिला. संपलं सगळं, असं वाटलं त्याला.

तेवढ्यात तानाबाई पातेलं घेऊन आल्या. "हात काढा बघू, पावणं. शेवटच्या दिवशी उपाशी जाताय व्हय?"

आता काय राहिलंय... त्याने हात काढला. पळी खाली येणार, तोच बांगड्या किणकिणल्या आणि त्याच्या वाटीवर दुसराच हात आला. बोटाला निळा रंग लागलेला. भैरवीच्या दुसऱ्या हातात पांढऱ्या रश्श्याची वाटी होती.

"त्यांना तांबडा नको, मावशी."

"अगं, पावण्याला कुणी अडवतं व्हय?"

"पावण्याला न्हाय अडवत." ती कानापर्यंत लाल झाली होती. "घरच्याला अडवत्यात."

तानाबाईंनी एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग पातेलं घेऊन पलीकडच्या टेबलाकडे वळल्या.

"माझी गाडी..." अर्णव पुटपुटला.

"उद्याबी असती की." तिने पांढरा रस्सा त्याच्यापुढे सरकवला. वाटीवरचा हात मात्र काढला नाही.