मागच्या चाकातली हवा

सायकल चालवावी तर वाणगावच्या पूर्वेच्या रस्त्यानं. रेल्वेचं फाटक ओलांडलं की मोटार नाही, ट्रक नाही. फार तर एखादी बैलगाडी, आणि तीही आपल्याला वाट देते. आधी भाताची कापून झालेली शेतं, मग सागाचं रान, मग ताडांची बनं. मी नांदेडकडचा माणूस. एवढी सावली मी जन्मात पाहिली नव्हती. पासष्ट साली तारापूरच्या अणुकेंद्राच्या बांधकामावर स्टोअरमध्ये लागलो, बोईसरला चाळीत खोली घेतली आणि पाठोपाठ एक जुनी सायकल घेतली. तेव्हापासून रविवार सायकलचा झाला.

माझी बायको नर्मदा तिला सवत म्हणायची. पण सवतीला बाहेर ठेवायची सोय नव्हती, कारण चाळीतल्या दोन सायकली चोरीला गेल्या होत्या. मग आमची सायकल रोज खोलीतच, नर्मदेच्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची. हे तेवढं ध्यानात ठेवा.

तो मार्चमधला रविवार होता. नर्मदेला आठवा महिना लागला होता. आधीचं एक पोटातच गेलेलं, त्यामुळे तिचा जीव सारखा टांगणीला. आज लांब जाऊ नका, म्हणाली. दुपारच्या जेवणाला परत येतो असं सांगून मी पहाटेच निघालो. शहाणा माणूस गेला नसता, पण मला त्या रस्त्याचं वेडच होतं.

नऊच्या सुमारास गोमाच्या झोपडीशी पोचलो. गोमा वारली आदिवासी, पन्नाशीचा, ताडावर चढावं तर त्यानंच. त्याची सकाळची ताडी गोड असते, डोक्यात जात नाही. दर रविवारी मी तिथं थांबायचो, आणि गोमा पळसाच्या पानाच्या डोण्यात ओतून हातात द्यायचा. त्या आधी तो काय करतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी जरा लवकर आलो. गोमा नुकताच खाली उतरला होता. त्यानं मडकं ताडाच्या बुंध्याशी ठेवलं आणि डोणा आणायला आत गेला. मला तहान लागली होती. मी सरळ मडकं उचललं, तोंडाला लावलं आणि रिकामं करून मिशा पुसल्या.

गोमा बाहेर आला. मडक्यात पाहिलं, मग बुंध्याजवळच्या कोरड्या मातीकडं पाहिलं. त्याची बायको जिवली दारात आली आणि दोघं हळू आवाजात काहीतरी बोलली. मला वाटलं, आगाऊपणाचा राग आला असेल. मी हसून माफी मागितली, पण कोणी हसलं नाही.

"घरी कोण हाय?" गोमानं विचारलं.

बायको आहे, आठवा महिना आहे, असं मी सांगितलं. जिवलीनं तोंडावर पदर धरला.

मग गोमानं सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ देवू दोन वर्षांपूर्वी त्याच ताडावरून पडून गेला. तेव्हापासून त्या झाडाची पहिली धार बुंध्याशी सांडायची, ती देवूची. त्याला मिळाली की तो झाडापाशी राहतो. आज त्याची धार मी प्यायलो होतो.

"दादा, सांजचं मडकं उतरंस्तवर हितंच ऱ्हा," जिवली म्हणाली.

बायको एकटी आहे, थांबता यायचं नाही, असं म्हणून मी पायडलवर पाय ठेवला. गोमा रस्त्यापर्यंत सोबत आला आणि त्यानं हँडलवर हात ठेवला.

"सायकल जड झाली तं घरी नेऊ नको. पोटुशी बाय हाय... परत हितं आण."

मी मान हलवली. मनात म्हटलं, या लोकांची भाबडी समजूत. शिकलेल्या माणसाला हे म्हणायला किती सोपं असतं.

सागाचं रान सुरू झालं. पानगळ झालेली, रस्ताभर कोरड्या पानांचा थर. चाकाखाली ती कुरकुरत होती. एका वळणावर पक्षी गप्प झाले. वारा नव्हता, तरी आंबूस वास आला, शिळ्या ताडीसारखा. माझ्या तोंडालाच येत असेल म्हणून मी थुंकलो. वास गेला नाही.

मग कॅरिअर कुरकुरलं, जसं कोणी मागं बसल्यावर कुरकुरतं.

पायडल जड झालं. चढ नव्हता. पंक्चर झालं असणार म्हणून मी उतरलो आणि मागचं चाक पाहिलं. टायर रिमपर्यंत दबून जमिनीवर पसरला होता. मी अंगठ्यानं दाबून पाहिला... तो दगडासारखा टणक होता. हवा पूर्ण होती. पुढचं चाक गोल आणि मागचं दबलेलं, लख्ख उन्हात, आणि कॅरिअरवर काही नाही.

सायकल एका सागाला टेकवून पायी पळावं असं वाटलं. तसं केलंही. दहा पावलं गेलो असेन. माझ्या मागं पानं वाजली, एक पाऊल, मग दुसरं... आणि माझ्या खांद्यावर वजन येऊ लागलं. मी धावत परत आलो आणि सायकल धरली तेव्हा कुठं खांदे सुटले. टायर पुन्हा दबला.

फाटक तिथून अर्ध्या तासावर होतं. पुढं बोईसर, चाळ, आमची खोली. नर्मदा दारात येईल, आल्या आल्या सायकल माझ्या हातून घेईल, नेहमीच्या जागी लावेल, खाटेच्या पायथ्याशी, आणि तिच्या शेजारीच निजेल. हे डोळ्यांसमोर आलं तेव्हा मला स्वतःची भीती वाटेनाशी झाली. भीती वाटली ती फक्त पोटातल्या बाळाची.

मी सायकल वळवली.

"देवूदादा," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. "चुकलं माझं... चला, तुमच्या झाडाशी सोडतो."

वजन तेवढंच राहिलं. पण चाक अडेनासं झालं. ते चार मैल मी मागं न बघता, दात आवळून कापले. शर्टाच्या पाठीवर कोणाचा तरी श्वास पडतोय असं सारखं वाटत होतं.

गोमा रस्त्यावरच उभा होता. त्यानं आधी टायर पाहिला. ताडी मात्र संध्याकाळीच उतरणार होती. मी ताडाखाली सायकल दोन्ही हातांनी धरून बसलो. जिवलीनं पेज आणून दिली, ती मी एका हातानं प्यायलो. नर्मदा जेवायची थांबली असेल, वाट बघून रडत असेल, हे मनात येत होतं आणि इलाज नव्हता. ऊन कलेपर्यंतचा तो वेळ मला सगळ्या आयुष्याएवढा वाटला.

उन्हं उतरली तसा गोमा वर चढला. मडकं घेऊन खाली आला, बुंध्याशी बसला आणि धार मातीत सोडली. "घे रं देवू," एवढंच म्हणाला. माती ओली झाली. माझ्या हातातल्या सायकलचं कॅरिअर एकदा कुरकुरलं आणि मागचा टायर हळूहळू वर आला, गोल झाला. सायकल इतकी हलकी झाली की माझ्या हातून जवळजवळ निसटली. मी तिथंच गोमाच्या पायाला हात लावला. तो वारली, मी देशमुखांचा, आमच्या गावी कोणी पाहिलं असतं तर बोंब झाली असती. मला त्याचं काही वाटलं नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. नर्मदा दारात, डोळे सुजलेले. तिनं सायकल माझ्या हातून ओढून घेतली आणि एका हातानं आत नेली. तिला ती एका हातानं नेता आली हे बघून मी उंबऱ्यावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. तेव्हा तिचा राग गेला.

पाच आठवड्यांनी मुलगी झाली. चांगली सात पौंडांची, रडण्यात आईच्या वरताण. तिचं नाव जमुना.

मी तो रस्ता सोडला नाही. दर रविवारी जातो, आणि पहिली धार आता माझ्या हातानं सांडतो. नंतर कधीही सायकल जड झाली नाही. हे सगळं मी नर्मदेला सांगितलेलं नाही, जमुनेला तर नाहीच.

जमुना आता सहा वर्षांची आहे. कॅरिअरवर बसून येते माझ्यासोबत. जाताना सगळ्या कॅरिअरवर पसरून बसते, गाणी म्हणते. परत येताना मात्र सागाच्या त्या वळणावर तिचं गाणं थांबतं आणि ती पुढं सरकून माझ्या पाठीला चिकटते. मागच्या महिन्यात मी विचारलंच, इथं का गं सरकतेस.

"त्यांना बसायला जागा नको का, बाबा?" ती म्हणाली.

फाटक आलं की ती पुन्हा मागं सरकून ऐसपैस बसते. मी दर वेळी खाली उतरतो आणि मागचा टायर अंगठ्यानं दाबून बघतो. टायर गोल असतो, हवा पूर्ण असते.