एकवीस रजयांच्या आड

बेगायिमला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा विजेच्या खांबावर होता. ती अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन, दूर सोलमध्ये राहणाऱ्या मावसभावाच्या पोराला किरगिझ मुळाक्षरं घोकायला लावत होती.

"बाई, आवाज जरा चढवा की! मागच्या बाकावर ऐकू येत नाही," वरून कुणीतरी म्हणालं.

तिनं मान वर केली. कमरेला पट्टा, हातात तार, टोपी मागे सरकलेली... आणि हसताना एकाच गालाला पडणारी खळी. एकाच का, असा खुळा प्रश्न तिच्या मनात आला, आणि मुळाक्षरं चुकली.

"तुम्ही तारा जोडा, उस्ता. शाळा मी बघते." कारागिराला तिकडे आदरानं उस्ता म्हणतात.

"पण एवढ्या गारठ्यात अंगणात शाळा?"

"घरात नेट चालत नाही. इथं झाडाखाली चालतं."

तो खांबावरच थबकला. "घरात नाही, आणि झाडाखाली चालतं?... थांबा, उतरतो."

असा तिलेक खाली उतरला. काराकोलच्या डोंगरमाथ्यांवर बर्फ आलं होतं, गल्लीत सफरचंदांचा आंबूस वास भरून राहिला होता, आणि बेगायिमला उगाचच आपली जुनी ओढणी आठवून लाज वाटत होती. त्यात तिचा जीव आधीच टांगणीला लागलेला. परदेशात वाढणाऱ्या किरगिझ मुलांना मायबोली शिकवणाऱ्या एका ऑनलाइन शाळेनं शुक्रवारी दुपारी तिचा चाचणीचा तास ठेवला होता. तास धड झाला तर घरबसल्या नोकरी. मध्येच तुटला तर रविवारच्या गाडीनं बिश्केकला, आत्याच्या शिवणकामाच्या कारखान्यात. आत्यानं तिच्यासाठी मशीनही पुसून ठेवलं होतं.

पाहुण्यांच्या खोलीत शिरताच तिलेकची नजर समोरच्या भिंतीवर गेली. खिडकीला टेकून नक्षीदार पत्र्यानं मढवलेली भलीमोठी पेटी, आणि तिच्यावर थेट छतापर्यंत रचलेल्या एकवीस रजया. बेगायिमच्या लग्नात तिच्याबरोबर पाठवायचा जुक!

"राउटर कुठाय, एजे?" त्यानं तिच्या आईला, शारापातला, वडीलधाऱ्या बाईला हाक मारतात तसं विचारलं.

"जुकाच्या मागं, खिडकीत. लुकलुक दिवे पाहुण्यांना बरे दिसतात का? म्हणून जुक पुढं लावला."

त्यानं मागे हात घालून पाहिला. बोटंसुद्धा शिरेनात. मग जुकाकडे पाहिलं, बेगायिमकडे पाहिलं, त्याचे कान लाल झाले, आणि तो घाईघाईनं म्हणाला, "शेजाऱ्यांची नेटं एकमेकांत घुसत असतील. चॅनेल बदलून बघतो."

फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं मीटरवरून घरची वीज बंद करून चालू केली. तिसऱ्या दिवशी सिग्नल पुढे ढकलणारी डबी आणून दारापाशी लावली. पण त्या डबीलाच काही मिळेना, तर ती पुढे काय ढकलणार! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"उस्ता, तुम्हाला येतं ना हो हे काम?" चहाचा वाडगा पुढे करत बेगायिमनं चिमटा काढला.

"येतं थोडंफार."

"मग रोज का यावं लागतं?"

"चहा चांगला असतो..." तो वाडग्यात बघत म्हणाला.

ती हसली खरी. पण तो गेल्यावर तिचंच मन कुठेतरी अडकून गोल गोल फिरत राहिलं. तो उद्या येईल ना? आणि रविवारी आपणच इथे नसलो तर?

शुक्रवारी सकाळी पडदा सारला, तर सफरचंदाचं झाड पांढरं! बर्फ भुरभुरतच होतं. अंगणात बसणं अशक्य. दुपारी तासाला अर्धा तास उरला तरी लॅपटॉपच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. बेगायिमचे डोळे भरून आले. तेवढ्यात दार वाजलं. टोपीवर, खांद्यांवर, पापण्यांवर बर्फ घेऊन तिलेक उभा होता. आज त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"एजे," त्यानं टोपी काढली. "दोष चॅनेलचा नाही. पेटीचा पत्रा आणि रजया सगळा सिग्नल अडवतात. तो नुसता खिडकीतून बाहेर जातो. जुक उतरवायला लागेल."

शारापातच्या हातातला वाडगा तसाच राहिला. "मुलाची आई येते, मुलीच्या कानांत डूल घालते, लग्न ठरतं, मग मुलीबरोबर जुक निघतो. आधी उतरवला तर सोयरीक मोडते. ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक आहे. म्हणून तर गप्प होतो."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" बेगायिम उसळली. "मी इथं रडकुंडीला आले, आणि तुम्ही डब्या लावत बसलात?"

"चुकलंच माझं. पण जुक उतरतो तो लग्नालाच; मी 'जुक उतरवा' म्हणणं म्हणजे मागणी घालणंच झालं असतं. आणि मला तुम्हाला मागणी घालायची होती, पण... इंटरनेटच्या निमित्तानं नाही."

त्यानं खांद्यावरचं बर्फ झटकलं. भट्टीत लाकूड तडतडलं.

"दोन्ही वेगळं धरा," तो हळूच म्हणाला. "जुक तासासाठी उतरवू. माझ्या मागणीला उत्तर नाही दिलंत तरी चालेल."

बेगायिमनं आईकडे पाहिलं. आईनं पलंगावरची उशी बाजूला सारून जागा केली. बेगायिम स्टुलावर चढली, सगळ्यात वरची रजई ओढली आणि त्याच्या हातांत ठेवली. मग दुसरी. मग तिसरी.

"जमिनीला लावायची नाही हं एकही!" शारापात कडाडली. अकरा रजया तिनं पलंगावर रचल्या. पलंग संपला. उरलेल्या दहा तिलेकच्याच हातांत राहिल्या. दोघींनी पेटी ढकलली, राउटर काढून कपाटावर ठेवला, आणि पडद्यावर एक चिमुरडा चेहरा लख्ख उमटला.

तास पाऊण तास चालला. एकदाही तुटला नाही. शेवटी शाळेच्या बाई म्हणाल्या, "सोमवारपासून या." बेगायिमनं लॅपटॉप मिटला आणि वळून पाहिलं. रजयांचा ढीग दारापाशी अजून उभा होता, खालून दोन पाय दिसत होते, आणि ढीग थरथरत होता.

ती जवळ गेली. वरच्या दोन रजया उचलल्या. मागे घामेजलेला चेहरा, आणि तीच एका गालाची खळी.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. आता बिश्केकला नाही जात मी." तिनं मान खाली घातली. "आणि तुझ्या आईला सांग... डूल फार जड नकोत. माझे कान नाजूक आहेत."