मोनालीला पाडायचं कसं?

गोंदियाच्या बाजारात फोनची काच बदलायला गेलेली मोनाली सहज काउंटरपलीकडच्या लॅपटॉपमध्ये डोकावली आणि खुदकन हसली. पडद्यावरच्या गेममध्ये दोन मुली ज्युदो खेळत होत्या.

"हे पडून राहिली की झोपून राहिली?"

लॅपटॉपवाल्या तरुणाने मान वर केली. देवेंद्र त्याचं नाव. तो गेम त्याने स्वतः जीव ओतून बनवला होता.

"काऊन जी? काय चुकलं?"

"हात टेकून पडते ना ती! मनगट मोडन. पडतानी सपकन हात आपटाव लागते, हनुवटी छातीले."

कामठ्याच्या या पोरीला ते कळणारच. गावात ज्युदोची गादी नव्हती, म्हणून बापाच्या खळ्यात धानाच्या तणसीवर, त्या मऊ पेंढ्यावर, पडत-पडत ती राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचली होती. ज्युदोत आधी पडायला शिकवतात, पाडायला नंतर.

"मले शिकवता का?"

"पडाव लागन."

"ते तं... आत्ताच पडलो जी!"

तिने न ऐकल्यासारखं केलं, पण कानाच्या पाळ्या तापल्याच.

मग दर रविवारी देवेंद्रची स्वारी कामठ्याला हजर. ती त्याला तणसीवर आपटायची, तो कण्हत-हसत तिची पकड, तिचं वळणं, तिचा चढलेला श्वास फोनमध्ये टिपायचा. एकदा त्याच्या कानामागची काडी काढताना तिची बोटं तिथेच रेंगाळली... गेममधली पोरगी आता दमायची, घामाने तिची पकड सुटायची. वेणीही हुबेहूब मोनालीची!

संक्रांतीला तो पूर्ण झालेला गेम घेऊन आला. चार दिवसांनी नागपूरला गेम बनवणाऱ्यांच्या स्पर्धेत तो दाखवायचा होता. मोनाली आपल्याच रूपाविरुद्ध खेळू लागली. डावामागून डाव टाकले, पण ती पोरगी मांजरासारखी पायांवरच उतरायची.

"हे पडत काऊन नाही?"

देवेंद्र घाईने लॅपटॉप मिटू लागला.

"मी पडली, तवा शिकली," मोनाली कडाडली. "अन् तू मले पडूच नाही देत? माह्या रूपाचा असा खोटा खेळ कोणाले दाखवशील, तं खळ्यात पाय नको ठेवू!"

"तुह्यं पडणं बनवलं होतं मी... मंग पुसलं. तुले पडतानी पाहवत नाही मले. जीव लागला, मोनाली—"

राग कुठल्या कुठे गेला. ती तणसीवर जाऊन उभी राहिली.

"ये. पाड मले."

"मी?"

"तूच."

त्याने तिची कॉलर धरली, वळला, आणि ती सपकन पडली. नेटकं, सुरेख. लगेच उठलीही, केसांत काड्या घेऊन हसत.

"पाहिलं? हेच टाक. अन् जीव लागला असन, तं मले पडू द्याव लागन. उठाचं मी पाहीन."

नागपूरच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर वेणीवाली पोरगी जोरात आपटली, तेव्हा सगळ्यांचा श्वास रोखला गेला. देवेंद्रने डोळे घट्ट मिटले. मोनालीने सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला. तिची मान ताठ होती.

"डोळे उघड, येड्या. उठून राहिली ती."